चुलीपाशी कोण बसलं होतं

आमच्या सूनबाईंनी घरात एक भांडं आणलं आहे. दिसायला प्रेशर कुकरच्या श्रीमंत मावसबहिणीसारखं. काचेचं झाकण, पोटात चिनी मातीचं पातेलं आणि शेपटी विजेच्या बटणात. सकाळी कामावर जाण्याआधी ती त्यात चिकन, कांदा, वाटण, मीठ टाकते, झाकण ठेवते, बटण फिरवते आणि भोरच्या स्टँडकडे पळते. संध्याकाळी येते तेव्हा कालवण तयार. "आई, तुम्ही काही करायचं नाही. बघायचंसुद्धा नाही," असं मला बजावून जाते आणि मी ते मुळीच ऐकत नाही. दुपारी टीव्ही लावून बसते खरी, पण मधूनमधून उठून ओट्यापाशी जाते, काचेतून आत डोकावते, भोवतीचं उगाच फडक्यानं पुसते. शेवटी खुर्चीच ओढून घेते. भांडं आपलं आपण शिजवतंय आणि मी शेजारी बुजगावण्यासारखी राखणीला. नातू म्हणतो, "आजी, ते पळून नाही जाणार." त्याला काय सांगू? आमच्या घरात एकदा एक कोंबडा असाच, जवळ कुणी न बसता शिजला होता. त्याचं जेवण एका संध्याकाळी आटोपलं. पण त्याचं देणं आमच्या आईला जन्मभर पुरलं.

वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्या अलीकडे आमची वाडी. घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. पुढं ओसरी, मागं पडवी आणि मधे एक अंधारी खोली, तिच्या कोपऱ्यात चूल. खिडकी नव्हती. धुराला बाहेर जायचं असेल तर त्यानं कौलांच्या फटी शोधायच्या, आणि धूर आमच्या आबांसारखाच होता, लौकर घराबाहेर पडायचा नाही. आबा म्हणजे आमचे वडील. दिवसातून दोन-चार वाक्यं बोलत, त्यातलं एखादं बैलांशी. घर चालवायची ती आई. माझ्यावर सहा-सात वर्षांनी मोठी सुमनताई, आणि मग मी, कुसुम ऊर्फ कुशी, घरातलं शेंडेफळ आणि कामाच्या हिशेबात नुसती वजाबाकी. भाताच्या लावणीत मला एकदाच उतरवलं होतं. मी खोचलेली रोपं तासाभरात सुटून वर आली आणि बांधावरून तरंगत शेजारच्या भागूकाकीच्या खाचरात गेली. त्यानंतर आईनं मला चिखलात कधी बोलावलं नाही, आणि मलाही त्याचं फार दुःख झालं नाही.

ताईचं मात्र उलटं. लावणीत तिच्या हाताशी हात लावील अशी बाई वाडीत नव्हती. पाट्यावर वाटण वाटावं ताईनंच. खोबरं, भाजलेला कांदा, लसूण, मिरची यांचं असं गंध उगाळल्यासारखं वाटण करायची. पाण्याचे हंडे, शेणगोठा, सगळं तिचं. फक्त एक गोष्ट तिच्याच्यानं होत नसे. चूल पेटली की तिला धाप लागायची. लहानपणापासूनच. उन्हाळ्यात वाळली लाकडं असली तर थोडा वेळ निभायचं. पण पावसाळ्यात ओल्या लाकडाचा तो पांढरा, जाड धूर निघाला की तिच्या छातीतून बासरी वाजल्यासारखा आवाज यायचा आणि ओठ जांभळट व्हायचे. मग ती ओसरीवर जाऊन, गुडघ्यांवर हात टेकून, एकेक श्वास उसना आणल्यासारखी बसायची. आजूबाजूच्या बायकांनी विचारलं की आई म्हणायची, "थंडी बाधलीया तिला, दुसरं काय न्हाई." हे "दुसरं काय न्हाई" आई जरा जास्तच घाईनं म्हणायची. लग्नाची पोर, आणि चुलीपुढं बसवत नाही, हे एकदा डोंगरापलीकडं गेलं की परत आणता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिच्यासाठीच तर ती तुसाची शेगडी आली. माझा मामा भोरला स्टँडजवळच्या एका चहाच्या हॉटेलात कामाला होता. तिथं लाकडाच्या भुशावर जळणारी शेगडी होती, तिच्यावर दिवसभर दूध तापत ठेवायचं, पुन्हा पुन्हा सरपण घालायला नको. मामा म्हणाला, "आक्के, तुज्याकडं भुसा नसंल, पन भाताचं तूस तर हाय का न्हाई?" आणि रॉकेलचा एक रिकामा डबा घेऊन एसटीच्या टपावरून आला. डब्याच्या अंगाला खाली एक भोक पाडलेलं. मधोमध मुसळ उभं धरायचं, खालच्या भोकातून एक लाकूड आडवं सरकवायचं आणि भोवती तूस घालून हातानं ठोकून ठोकून बसवायचं. मग मुसळ आणि लाकूड हलक्या हातानं काढून घ्यायचं. तुसाच्या पोटात विहिरीसारखी पोकळी राहते. खालून निखारा सरकवला की पहिल्यांदा थोडा धूर होतो, नंतर नाही. तूस आतल्या आत लाल होत राहतं. ज्वाळा नाही, फुंकणी नाही, कुणी जवळ बसायला नको. आई ती मागच्या पडवीत ठेवायची. तिच्यावर ताई कालवणं करायची, सावकाश, पण करायची. वाडीतल्या बायका हसायच्या. "लक्षुमीच्या घरी चुलीला बी सासुरवास न्हाई," असं आईचं नाव घेऊन म्हणायच्या. चुलीला पाठ दाखवणाऱ्या बाईला आमच्याकडं चांगलं नाव नव्हतं. त्यामुळं कुणी आलं की आई शेगडीवर पाटी पालथी घालायची, जसं काही खाली चोरीचा माल आहे.

लावणीला आमच्याकडं सावड असे. चार-पाच घरांनी मिळून एकमेकांच्या खाचरात लावायचं, आज तुझं, उद्या माझं. मजुरी नाही. ज्याचं रोप शेवटी मातीत जाईल त्यानं सगळ्या सावडीला कोंबड्याचं जेवण घालायचं. आणि त्या जेवणाची एक रीत होती. पहिली पंगत बसली की सावडीतल्या थोरल्या बाईनं पळी हातात घेऊन विचारायचं, "चुलीपाशी कोन बसलं हुतं?" जिनं रांधलं तिनं तळहात पुढं करायचा, आणि कोंबड्याचं काळीज पहिल्यांदा तिच्या हातावर पडायचं. तिनं ते खाल्ल्याशिवाय बाकीच्यांनी घास उचलायचा नाही. दिवसभर धुरात बसून सगळ्यांसाठी शिजवणारीचा तो मान. एरवी वर्षभर शिजवणारीला कुणी विचारत नसे, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी शेवटची पाळी आमची आली. रोप जून व्हायला लागलं होतं, खाचरात पाणी होतं तेवढ्यात लावणी उरकायलाच हवी होती. नाहीतर वरचा तुकडा तसाच राहिला असता आणि पुढच्या वर्षी आम्ही ताटाकडं बघत बसलो असतो. आईचा बेत असा होता की ताईनं खाचरात उतरायचं आणि आईनं घरी थांबून रांधायचं. पण आदल्या संध्याकाळी ताईनं वाटण वाटलं, पाटा धुऊन ठेवला आणि पहाटे उठली ती धाप घेऊनच. तिला ना आडवं होता येत होतं, ना धड बोलता. आई दारात उभी राहिली. एका बाजूला जून झालेलं रोप, दुसऱ्या बाजूला पोर, आणि मधे पाय बांधलेला कोंबडा. हा कोंबडा वयानं माझ्याहून थोडाच लहान असावा असा त्याचा रुबाब होता. त्यानं मला दोनदा परड्यातून पळवलं होतं, त्यामुळं त्याच्याबद्दल मला काही वाटत नव्हतं. पण असल्या जून कोंबड्याला सबंध दिवस शिजवायला लागतो, हे आईला कळत होतं.

तिनं शेगडी पुढं ओढली. तूस ठोकून भरलं, इतकं घट्ट मी कधी भरलेलं पाहिलं नव्हतं. खालून निखारा सारला. आबांनी कोंबडा कापून, साफ करून दिला. शेगडीवरच जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, मोठ्या पातेल्यात तेलावर ताईचं वाटण परतलं, कोंबड्याचे तुकडे घातले, हळद, मीठ, पाणी. वर झाकण, आणि झाकणाच्या कडेला नाचणीच्या पिठाची वळी लिंपून टाकली, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. पातेलं शेगडीवरच राहू दिलं आणि मला म्हणाली, "कुशे, ताईपाशी बस. लई धापली तर पळत ये खाचराकडं. पातेल्याला हात लावू नगंस. आन कोनी आलं तर म्हनायचं, ताई आत रांधतीया."

"खोटं बोलायचं?" मी विचारलं. शाळेत नुकताच सत्य बोलण्यावर धडा झाला होता.

"वाटन तिचंच हाय ना?" आई डोक्यावर इरलं घेत म्हणाली. "मग रांधनं तिचंच." आणि पावसात निघून गेली.

तो दिवस माझ्या कानात आहे. बाहेर पाऊस कौलांवर, आत ताईचा श्वास आणि मागच्या पडवीत पातेलं. चुलीवरचं कालवण कसं खदखदतं, उतू जातं, चुरचुरतं. हे तसं नाही. बराच वेळ काहीच नाही, मग बुडुक. पुन्हा गप्प. पुन्हा बुडुक. एखादा म्हातारा माणूस विचार करून हुंकार देतो ना, तसं. ताई भाताच्या पोत्याला टेकून बसली होती. दुपारकडं तिला दोन शब्द बोलता यायला लागले तेव्हा म्हणाली, "कोंबडा आन म्या, दोगं बी एकच सूर काडतोय. बग आदी कोन गप हुतंय." मी हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही. संध्याकाळच्या सुमाराला नाचणीची वळी तडकली आणि तिथून वास सुटला. खोबरं, लसूण, जून कोंबड्याचा गोडसर वास. घरात चूल पेटली नव्हती, धूर नव्हता, आणि तरी सगळं घर सणासारखं झालं होतं. मला वाटलं, ही केवढी मजा आहे.

दिवस मावळायच्या आत शेवटची मूठ मातीत गेली. सावड हातपाय धुऊन येईपर्यंत आईनं पुढं येऊन चूल पेटवून ठेवली. बायकांनी मिळून भाकऱ्या थापल्या, तेव्हा मात्र धूर झाला आणि ताई, दिवसभर रांधून दमलेली म्हणून, मानानं ओसरीवर बसवली गेली. आईनं पातेलं अंधारातूनच आत आणून चुलीच्या कडेला ठेवलं. झाकण उघडलं. भागूकाकी पळी घालायला गेली तर मांस हाडावरून आपोआप सुटून आलं. ही भागूकाकी आबांच्या चुलतभावाची बायको, सावडीतली थोरली, तोंडानं फटकळ आणि हिर्डोशीची माहेरवाशीण. हिर्डोशीचा उल्लेख केल्याशिवाय तिचं एक वाक्य पुरं होत नसे.

"आमच्या हिर्डोशीत बी असा कोंबडा न्हाई शिजत," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे मोठंच झालं. मग पळीत काळीज घेऊन तिनं रीतीप्रमाणं विचारलं, "चुलीपाशी कोन बसलं हुतं?"

आई तर दिवसभर सगळ्यांच्या शेजारी चिखलात उभी होती, तिला हात पुढं करणं शक्य नव्हतं. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही, आबांकडं पाहिलं नाही. "सुमन," ती म्हणाली. "येकटीच बसली हुती. समद्या दिसात उटली न्हाई."

उठली नव्हती हे खरं होतं. ताईला बोलावलं. तिनं तळहात पुढं केला, भागूकाकीनं त्यावर काळीज ठेवलं आणि ताईनं ते आईकडं बघत खाल्लं. मग सगळे जेवले. मीही जेवले, चांगलं दोनदा रस्सा मागून.

सुगी उरकल्यावर हिर्डोशीहून सांगावा आला. भागूकाकीच्या भावजयीला, हौसाबाईंना, धाकट्या मुलासाठी मुलगी हवी होती, आणि वाडीतली एक पोर अख्ख्या सावडीला एकटीनं जेवू घालते, दिवस-दिवस चुलीपुढून हलत नाही, हे भागूकाकीनं तिकडं पोचवलं होतं. आमची ताई तिथं न जाताच तिथं प्रसिद्ध झाली होती. "वहिनी मुलगी बगायला येनार," भागूकाकी म्हणाली, "आन म्या तिला सांगितलंय, पोरीच्या हातचा कोंबडा खाल्ल्याबिगर उटायचं न्हाई. काय लक्षुमे?"

"व्हय की," आई म्हणाली. एवढा बारीक आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

तेव्हा सांगता आलं असतं. आईनं मला नंतर, पुष्कळ वर्षांनी, स्वतःच सांगितलं की तिथंच सांगायला पाहिजे होतं, भागूकाकी दोन दिवस हसली असती आणि विसरली असती. पण स्थळ चांगलं होतं, मुलगा निर्व्यसनी होता, आणि ताईला कुणी काही विचारलं नव्हतं. ताईनंही काही म्हटलं नव्हतं. बघायला यायच्या दिवशी आमच्या घरात जे नाटक उभं राहिलं त्याची आखणी आईचीच. खरा कोंबडा मागच्या पडवीत, पाटीच्या आडोशाला, तुसाच्या शेगडीवर. आणि आत चुलीवर दुसरं पातेलं, झाकण लावलेलं, आत नुसतं पाणी. चुलीपुढं ताई नवं लुगडं नेसून, हातात पळी. आईनं वाळल्यातल्या वाळल्या काटक्या निवडून ठेवल्या होत्या, एकेकच लावायची, धूर होऊ द्यायचा नाही. ऐन वेळी पातेली बदलायची. माझं काम मागच्या दारात उभं राहून कुणी पडवीकडं आलं तर खोकायचं. नाटकात मला मिळालेली ही एकमेव भूमिका, आणि ती मी विसरले.

कारण हौसाबाई पडवीकडं आल्याच नाहीत. ओसरीवर टेकल्या न टेकल्या तोच उठून थेट आत आल्या आणि ताईच्या शेजारी फतकल घालून बसल्या. ठेंगणी, सावळी बाई, डोळे लालसर, पाणावलेले. "बाप्यांच्यात काय बसायचं," म्हणाल्या. "पोरीपाशी बसते." आई खांबासारखी उभी. हौसाबाईंनी बोलता बोलता दोन-तीन काटक्या एकदमच चुलीत सारल्या, सवयीच्या हातानं. धूर झाला. ताईनं श्वास रोखला. आणि मग हौसाबाईंनी झाकण उचललं.

आत पाणी उकळत होतं. स्वच्छ. हळदसुद्धा नाही. मी खोकले, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

हौसाबाई पातेल्यात बघत राहिल्या. ताईकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग त्यांनी ताईच्या हातातली पळी घेतली, थोडं पाणी घेतलं, फुंकर घातली, तळहातावर दोन थेंब ओतून चाखले. "मीट कमी हाय, पोरी," त्या म्हणाल्या. आणि ताईनं, बिचारीनं, खरोखरच चिमूटभर मीठ त्या पाण्यात टाकलं. त्याबरोबर तिचा रोखलेला श्वास सुटला आणि ती खोकायला लागली. ती बासरी वाजायला लागली. हौसाबाईंनी तिला काखेत धरून उठवलं आणि मागच्या दारानं वाऱ्यावर नेलं. पडवीत पाटीखालून बुडुक असा आवाज आला. त्यांनी पाटी उचलली.

"हितं शिजतंय व्हय," त्या म्हणाल्या.

आईनं पदर डोळ्याला लावला. "पोरीला धूर सोसत न्हाई, बाई. म्या खोटं बोलले. तवाबी अन आताबी."

हौसाबाई ताईची पाठ चोळत होत्या. "मला तरी कुटं सोसतोय? डोळं बगा माजं. जल्म गेला फुकन्यात." शेगडीच्या भोकाशी वाकून त्यांनी लाल झालेलं तूस बघितलं, हात धरून शेक घेतला. "माज्या घरी थोरली सून चुलीपाशी बसती. ही माज्यासंगं शेतात ऱ्हाईल. ह्यो डबा पोरीसंगं लावून द्या, म्हंजे झालं. पन ह्ये बाप्यांच्या कानावर नगं. आन थोरलीच्या तर न्हाईच न्हाई. तिला वाटंल, ही आयती आली."

"कुनालाच नगं?" आईनं विचारलं.

"म्या हाय की," हौसाबाई म्हणाल्या.

या तीन शब्दांवर आईनं पोर दिली. आणि खरं सांगायचं तर त्या शब्दांत काही खोट नव्हती. त्या होत्या तोवर ताई शेतात राहिली, पावसाळ्यात मागच्या अंगाला डब्यावर कालवण करत राहिली, माहेरी आली की गालावर गोलाई दिसायची. पण हौसाबाई फार दिवस राहिल्या नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं. त्यानंतर थोरल्या जावेनं चूल वेगळी मागितली, आणि ताईच्या वाट्याला आलं ते घराचं अर्धं, खिडकी नसलेलं, डबा आडोशाला ठेवायलाही जागा नसलेलं. ज्या एका माणसाला खरं माहीत होतं ते गेलं होतं, आणि मागं राहिलं होतं ते आईनं पेरलेलं. अख्ख्या हिर्डोशीला ठाऊक होतं की ह्यांची धाकटी सून चुलीपुढून उठत नाही. कुणाच्या घरी सावडीचं जेवण असो, बारसं असो, बोलावणं ताईला. दाजी भले माणूस, पण त्यांनाही बायकोच्या त्या लौकिकाचा अभिमान. चारचौघांत म्हणायचे, "कोंबडा खायचा तर आमच्या घरचा."

हे सगळं आईच्या कानावर तुकड्यातुकड्यानं आलं. मग एक दिवस तिनं भाकरी बांधून घेतली आणि मला म्हणाली, चल. डोंगर उतरून, मधे एका एसटीचा उपकार झाला तेवढा, बाकी पायी, आम्ही हिर्डोशीला गेलो. आई वाटेनं पुटपुटत होती. काय सांगायचं ते घोकत होती. "जावईबापू, माजं चुकलं. पोरीचा काय दोस न्हाई." थोडं चालली की पुन्हा सुरुवातीपासून. परीक्षेला निघालेल्या पोरासारखी. मी तोवर हायस्कुलात गेले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते, म्हणून तिची वाक्यं सुधारून देत होते.

ताईच्या अंगणात शिरलो तर पहिल्यांदा दिसला तो डबा. रॉकेलचा, मामानं आणलेला. गंजला होता, आणि त्यात माती भरून कुणीतरी झेंडू लावला होता. अंगावरच्या भोकातून झेंडूची मुळं बाहेर आली होती. आई तिथंच थांबली. आतून धूर येत होता आणि धुरातून ती बासरी.

ताई चुलीपुढं होती. पदराचा बोळा तोंडात धरलेला, एका हातात फुंकणी. आम्हांला बघून उठली, हसली, बाहेर येऊन खांबाला टेकली. बराच वेळ तिला बोलता येईना. दाजी बैल बांधून आले. "या आत्याबाई," म्हणाले, "बरं झालं आला. आज हिच्या हातचा कोंबडाच करू." आईनं पदर सावरला, घसा साफ केला. घोकलेलं पहिलं वाक्य तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं.

"जावईबापू, माजं—"

"आये," ताई म्हणाली. तिनं आईच्या दंडाला धरलं आणि तिला गोठ्याच्या बाजूला नेलं. मी मागून गेले. "नगं सांगू," ताई म्हणाली. एक वाक्य, मग श्वास. "आता सांगून काय हुतंय. म्हनतील, मायलेकींनी फसवलं. माजं हितं नाव हाय." पुन्हा श्वास. "आन आता मला येतंय की."

आई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या "येतंय की"मध्ये तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी आम्ही कोंबडा खाल्ला. चांगला झाला होता. चुलीवरचा, धुराच्या वासाचा. आईनं रस्सा भातावर घेतला, कालवला आणि कालवतच राहिली. परत येताना ती वाटेत एकदाही पुटपुटली नाही.

त्यानंतर आमच्या घरी तुसाची शेगडी झाली नाही. मामानं दुसरा डबा आणून दिला, तो तिनं पाणी भरायला ठेवला. आणि एक वेगळंच खूळ तिला लागलं. चुलीवर काही असो, नुसतं आंघोळीचं पाणी का असेना, ती त्याच्यासमोरून उठायची नाही. धूर डोळ्यांत जायचा, पाणी वाहायचं, आबा म्हणायचे, "अगं, तापंल की आपलं आपन." तेवढं एक वाक्य ते बैलांना सोडून तिच्याशी बोलायचे. ती ओलं लाकूड मुद्दाम पुढं ओढायची की काय, असं मला कधीकधी वाटायचं. आबांना तिनं शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मी मास्तरीण झाले, भोरला आले, गॅस घेतला, तिला इथं आणलं, तरी गॅसपुढं पाट टाकून बसायची. मी चिडायचे. मला वाटायचं, आमच्या म्हातारीला आराम कळत नाही.

गेल्या आखाडात ताई चार दिवस माझ्याकडं राहायला आली. आता ती एकटीच असते. दाजी गेले, मुलगा पुण्याला. तोंडात धरून ओढायचा औषधाचा पंप तिच्या कमरेला पिशवीत असतो, देवाच्या माळेसारखा. सूनबाईंनी सकाळी त्या विजेच्या भांड्यात चिकन लावलं, दोघींना बजावलं आणि गेली. मी मुद्दाम खुर्ची ओढली नाही. ताईनंच ओढली. भांड्यासमोर बसली. काचेतून आत बघत राहिली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, बुडुक, आणि ती माझ्याकडं वळली. दुपारभर ती तिथंच होती. मधे एकदा, सवयीनं, तिनं पदर नाकाला लावला आणि मग लक्षात येऊन खाली घेतला.

"धूर न्हाई ह्याला," ती म्हणाली.

"नाही."

"आयेला दाकवायला पायजे हुतं."

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. सूनबाईंनी झाकण काढलं, वाफ वर गेली, मांस हाडावरून सुटत होतं. वाढायला मी घेतलं. पळीनं ढवळताना काळीज वर आलं. मी ते तसंच पळीत धरलं, आणि घरात ताईशिवाय कुणाला ओळखू येणार नाही अशा सुरात, का कोण जाणे, भागूकाकीसारखंच विचारलं, "चुलीपाशी कोण बसलं होतं?"

"कुणीच नाही, आजी," नातू ताटातून मान वर न काढता म्हणाला. "ते आपोआप होतं."

ताईनं पंपाची पिशवी मागं सारली. हात तिनं ताटावरून पुढं केला, तळवा वर करून.

"मी," ती म्हणाली.